चाळीस वर्षांची बाटली आणि माझे आठ महिने

नवऱ्याचा चाळिसावा वाढदिवस १८ ऑक्टोबर २०२५ ला होता आणि त्याला त्याच्या जन्मसालाची, म्हणजे १९८५ ची बोर्दो (फ्रान्सच्या बोर्दो भागातली वाइन) उघडून द्यायची असं मी फेब्रुवारीत ठरवलं. तेव्हा मला वाइनमधलं एवढंच कळत होतं की लाल असते आणि पांढरी असते. आठ वर्षं फ्रान्समध्ये, तुलूझला राहूनही. आता सगळं पार पडलंय, तर जे कुणी असं काही करायच्या विचारात असतील त्यांच्यासाठी जसं झालं तसं लिहून ठेवते, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत काही सापडलं नाही आणि फ्रेंचमधलं वाचून घाबरायलाच जास्त झालं.

सुरुवात केली कोपऱ्यावरच्या काव्हिस्तकडे, म्हणजे वाइनच्या दुकानदाराकडे. मी विचारलं जन्मसालाची वाइन मिळेल का, तर त्याने आधी सालच विचारलं. १९८५ म्हटल्यावर चेहरा खुलला, म्हणाला नशीबवान आहे तुमचा नवरा, त्या वर्षी सप्टेंबर कोरडा आणि उबदार गेला, द्राक्षं छान पिकली, वाइन मऊ झाली आणि अजून टिकून आहे. मग मी हावरटासारखं माझं साल विचारलं, १९८७. त्याने नुसते खांदे उडवले. त्या वर्षी ऐन काढणीत पाऊस पडला, वाइन पातळ झाली आणि बहुतेक सगळी केव्हाच पिऊन संपली. चला, ती पण कुंडली कळली. त्याच्याकडे १९८५ ची एकच बाटली होती, बोर्दोजवळच्या पोयाक गावच्या शातो लिंच-बाजची (शातो म्हणजे द्राक्षमळा आणि वाइन करणारं घर), २९० युरो. मी थँक्यू म्हणून बाहेर पडले आणि दारात उभं राहून हिशोब केला, त्यात आमच्या घराची महिन्याची भाजी, दूध आणि डाळ-तांदूळ आरामात बसत होते. त्यानेच जाता जाता सांगितलं होतं की ऑनलाइन लिलावात बघा, स्वस्त पडेल, पण बाटलीची पारख यायला पाहिजे.

आणि पारख येण्याआधी जीभ यायला पाहिजे, नाहीतर माकडाच्या हाती शॅम्पेन म्हणतात तसं माझ्या हाती बोर्दो. म्हणून मार्चमध्ये चार गुरुवार, संध्याकाळी दोन-दोन तासांचा क्लास लावला, १६० युरो. घरी सांगितलं योगाचा क्लास आहे. (योगा करून कुणाचे ओठ जांभळे होत नाहीत, पण नवऱ्याने काही विचारलं नाही, बहुतेक त्याला काहीतरी कळलं होतं.)

पहिल्या दिवशी सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर थुंकणं. टेबलावर प्रत्येकापुढे क्राशवार नावाचं भांडं, वाइन तोंडात घोळवायची आणि त्यात थुंकायची, सगळ्यांसमोर, सभ्यपणे. "येथे थुंकू नये" वाचत मोठी झालेली बाई मी, पहिले तीन घोट लाजून गिळलेच आणि आठ वाजेपर्यंत हलकं वाटायला लागलं. दुसऱ्या गुरुवारी घरी बाथरूममध्ये पाण्याने प्रॅक्टिस करून गेले. हसू नका, करून बघा, बारीक धार एकाच जागी पडणं सोपं नाही. क्लासला जाताना अत्तर, हँडक्रीम काही लावायचं नाही, आणि मी माझ्याकडून भर घालते, फोडणी देऊन लगेच जाऊ नका. माझ्या स्वेटरला हिंगाचा वास होता आणि शेजारचा माणूस अर्धा तास वाइनमध्ये तो शोधत होता.

दुसरी अडचण शब्दांची. सगळे म्हणायचे कासी, कासी, म्हणजे ब्लॅककरंट. मी जन्मात कधी झाडावरचं ब्लॅककरंट खाल्लं नाही, मला कसा आठवणार? मला वास येत होता जांभळाचा. सेदार म्हणजे देवदाराचं लाकूड म्हणायचे, ते पण मी कधी हुंगलेलं नाही, पण पेन्सिलीला टोक काढताना जो वास येतो तो मात्र पक्का ओळखीचा. दोन क्लास मी बाकीच्यांचं बघून वहीत कासी, सू-ब्वा असं लिहीत राहिले, सू-ब्वा म्हणजे जंगलातली ओली पाचोळ्याची जमीन. तिसऱ्या क्लासला शिक्षकांनी माझी वही बघितली आणि विचारलं, हे तुम्हाला खरंच आलं की शेजारून आलं? मी खरं सांगितलं. ते म्हणाले तुमच्या भाषेत लिहा, मला कळलं नाही तरी चालेल, तुम्हाला पुढच्या वेळी ओळखता आलं पाहिजे. त्यानंतर मी घरी डबे उघडून वास घ्यायला लागले, तमालपत्र, लवंग, सुकं अंजीर, आमसूल, चहापत्ती, सुपारी, आणि मग एकदम सोपं झालं. लवंग तर खरोखरच असते त्यात, म्हणजे लवंगेला ज्या युजेनॉल नावाच्या द्रव्यामुळे वास येतो तेच ओकच्या लाकडात असतं आणि बोर्दोत वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात मुरवतात, तिथून ते वाइनमध्ये उतरतं.

टॅनिन तर आपल्याला शिकवायलाच नको. फ्रेंच लोक हाताने जीभ खरवडल्याची अॅक्टिंग करून समजावत होते आणि मी मनात म्हटलं, अहो तुरट! कच्चं केळं, सुपारी, कात, आवळा. हे टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं आणि तरुण बोर्दोमध्ये इतकं असतं की हिरड्या आवळल्यासारख्या होतात. वर्षं जातात तसे त्याचे कण एकमेकांना धरत मोठे होतात, रंगाचे कणही त्यांना चिकटतात, आणि जड होऊन तळाला बसतात, म्हणून जुन्या वाइनचा रंग फिका होतो, तुरटपणा मऊ होतो आणि बाटलीत गाळ साठतो. गाळ म्हणजे बिघाड नाही. हे मला आधी माहीत असतं तर पुढे एका रात्रीची झोप वाचली असती.

एप्रिलमध्ये लिलावाच्या साइटवर नाव नोंदवायला घेतलं. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कार्ड, तीनच गोष्टी. पण माझं तित्र द सेजूर, म्हणजे राहण्याचा परवाना, नेमका रिन्यूअलला गेलेला आणि हातात नुसता रेसेपिसे नावाचा पावतीचा कागद, तो त्यांनी नाकारला. मग पासपोर्ट अपलोड केला, तो चालला. लाइटबिल नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, ते नाकारलं, आणि नवऱ्याकडून पत्र लिहून घ्यावं तर सरप्राइज संपलं. शेवटी घराच्या विम्याचं सर्टिफिकेट सापडलं ज्यावर दोघांची नावं होती. फ्रान्समध्ये असाल तर हा कागद जपून ठेवा, लाइटबिल जिथे अडतं तिथे हा उपयोगी पडतो. मंजुरी यायला नऊ दिवस लागले.

बाटली निवडताना काय बघायचं ते आता सांगते कारण इथेच पैसे वाया जातात. एक, पातळी. जुन्या बाटलीतली वाइन बुचातून हळूहळू उडते, त्यामुळे ती मानेपर्यंत आहे की खांद्याला आलीय ते बघायचं. बा गूलो म्हणजे मानेच्या तळाशी, ओत एपोल म्हणजे खांद्याच्या वरच्या भागात, चाळीस वर्षांच्या बोर्दोला हे दोन्ही ठीक. खांद्याच्या मध्यावर किंवा खाली असेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. दोन, लेबल. डागाळलेलं, ओलीने फुगलेलं लेबल दिसलं की आपण नाक मुरडतो, पण ओल म्हणजे तळघर दमट होतं आणि बुच सुकलं नाही, आणि अशी बाटली स्वस्तही जाते कारण ती शोकेसमध्ये ठेवण्यासारखी दिसत नाही. तीन, साइटवर दिसणारी बोली म्हणजे शेवटची किंमत नाही. मी जिथे घेतली तिथे वर पंचवीस टक्के कमिशन होतं, डिलिव्हरी वेगळी.

मे मध्ये पहिल्या लिलावात १६० ची मर्यादा टाकून बसले, बाटली १९५ ला गेली. शेवटच्या दोन मिनिटांत आणखी वीस वाढवायला हात शिवशिवत होते. ११ जूनला दुसरी आली, तीच, लिंच-बाज १९८५, लेबलवर चहा सांडल्यासारखा डाग, पातळी ओत एपोल, आणि १५० ला मिळाली. कमिशन ३७.५० धरून १८७.५०. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन हळूच नाचून आले.

आणि मग उष्णतेची लाट. जूनच्या शेवटी पारा चाळिशीकडे गेलेला, अशा वेळी बाटली कुरिअरच्या गाडीत दोन दिवस फिरली तर आत काढाच होणार. सुदैवाने बाटली त्यांच्याच गोडाऊनमध्ये ठेवायची सोय होती, पहिले दोन महिने फुकट, पुढे महिन्याला ३ युरो. मी सप्टेंबरपर्यंत ठेवली. उन्हाळ्यात घेतलीत तर हेच करा, तीन युरो वाचवायला जाऊ नका.

ऑगस्टमध्ये १५ तारखेला जोडून सुट्टी होती तर बोर्दो फिरायच्या नावाखाली नवऱ्याला आणि मुलाला पोयाकला नेलं. बोर्दोहून लोकल ट्रेन जाते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. गाव छोटं, जिरोंद नदीच्या काठी, नदी चहाच्या रंगाची आणि समुद्रासारखी रुंद. ज्या जमिनीचं एवढं कौतुक ऐकलं होतं ती बघून मुलगा म्हणाला ही तर खडी आहे, आणि खरंच खडी आहे, नदीने आणून टाकलेले गोटे, त्यात पाणी थांबत नाही, दिवसा तापतात, कॅबरने सोव्हिन्यों ही उशिरा पिकणारी द्राक्षाची जात तिथे पिकते ती त्यामुळेच. निम्मे मणी हिरवे, निम्मे जांभळे व्हायला लागलेले. याच गावात पहिल्या दर्जाची तीन शातो आहेत, लाफित, मुतों आणि लातूर. हो, उच्चार अगदी लातूरच. नवऱ्याने पाटीपुढे उभं राहून फोटो काढला आणि लातूरच्या मित्राला पाठवला, "तुमची जमीन इकडे पण आहे का" म्हणून. ही दर्जाची यादी १८५५ ची, पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी त्या काळच्या बाजारभावावरून केलेली, पाच पायऱ्यांची, आणि त्यात बदल म्हणावा असा १९७३ ला झाला, मुतों दुसऱ्यावरून पहिल्यावर गेलं. लिंच-बाज त्यात पाचव्या पायरीवर आहे पण भाव पाचवीचा नाही. लिंच हे नाव आयरिश घराण्याचं आणि बाज ही तिथली वाडी. त्या वाडीच्या चौकात आम्ही कॉफी प्यायलो, समोर शातो, आणि नवरा मला विचारतोय की आपण नक्की काय बघायला आलोय.

सप्टेंबरची डिलिव्हरी म्हणजे एक प्रकरणच. दहा तारखेला मी रजा टाकून खिडकीत बसले आणि दुपारी मेसेज आला, तुम्ही घरी नव्हता, पार्सल पिकअप पॉइंटला ठेवलंय. बेल वाजलीच नाही. पिकअप पॉइंट कुठे तर एका लॉन्ड्रीत! इस्त्रीच्या वाफेत माझी बाटली. दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधी दारात उभी. दुकानदाराने पार्सल काउंटरखाली लादीवर ठेवलं होतं, हात लावून बघितलं तर गार लागलं, जीव भांड्यात पडला. पण घरी येऊन टॉर्च धरून बघितलं तर आत काळं काहीतरी तरंगतंय, रात्रभर तळमळले. तोच तो गाळ, प्रवासात हललेला. डिलिव्हरीचे १९, गोडाऊनचे ३, एकूण २०९.५० झाले.

पुण्याहून नणंद म्हणत होती की इकडेच घेऊन या, आपण सगळे मिळून करू. माणशी दोन लिटर दारू ड्युटी न भरता भारतात नेता येते, तो प्रश्न नव्हता, पण चेक-इन बॅगेत आपटत गेलेल्या बाटलीला खाली बसायला पुन्हा काही आठवडे द्यावे लागतात आणि आमची सुट्टीच दोन आठवड्यांची. ज्यांना न्यायचीच आहे त्यांनी वाढदिवसाच्या आदल्या ट्रिपला नेऊन ठेवा, आणि फ्रिजवर ठेवू नका.

बाटली ठेवली शेजारच्या मादामच्या काव्हमध्ये, इमारतीखालच्या तळघरात. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, सत्तरीच्या, गप्प बसण्यात पटाईत. पाच आठवडे आडवी, आणि १५ तारखेला त्यांनी ती उभी केली, म्हणजे गाळ सगळा तळाला. हे किमान दोन दिवस आधी करायचंच.

आता १८ ऑक्टोबर म्हणजे नेमकी धनत्रयोदशी. घरात चिवडा झालेला, चकल्या शनिवारी करायच्या होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की घरात तळणीचा वास असेल तर एवढ्या नाजूक वाइनचं काय होणार. चकल्या पुढे ढकलल्या. सासूबाई व्हिडिओ कॉलवर, "धनतेरसला कढई नाही ठेवलीस?" मी म्हटलं आई, यंदा गॅसचा प्रॉब्लेम आहे. आधी दिवा लावला, धने-गूळ झाला, उदबत्ती मात्र लावली नाही, देव समजून घेईल. जेवायला पोयाककडचा रिवाज म्हणून कोकराची तंगडी, नुसतं मीठ, मिरी, लसूण. गरम मसाल्याचा डबा तीनदा हातात घेऊन परत ठेवला.

साडेसातला मादाम आल्या, आणि आमचे नाशिकचे एक मित्र नवरा-बायको. नवऱ्यासमोर बाटली ठेवली. तो लेबल वाचत राहिला, मग साल वाचलं, मग म्हणाला, "म्हणजे आपण त्या वाडीत कॉफी प्यायलो ती..." आणि पुढे काही बोलला नाही. मला तेवढं पुरे होतं.

उघडायला मी १४ युरोचं बिलाम घेतलं होतं, दोन पातळ पात्यांचं, पाती बुचाच्या दोन बाजूंनी सरकवायची आणि फिरवत ओढायचं, कारण साध्या स्क्रूने जुनं बुच मधोमध फुटतं. बिलामनेही माझं तुटलं, अर्धं वर आणि अर्ध्याचा चुरा आत. गाळायला हात चहाच्या गाळणीकडे गेला, हुंगून बघितली तर आलं आणि वेलची, आठ वर्षांची. मादाम न बोलता त्यांच्या घरून बारीक जाळीचं नरसाळं घेऊन आल्या. मग एका दमात, हळू, मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावून डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत ओतली आणि खांद्याशी काळी रेघ दिसली तिथे थांबले. बाटलीत दोन बोटं राहिली, ती दुसऱ्या दिवशी कोकराच्या रश्श्यात गेली. जुनी वाइन दोन-तीन तास आधी ओतून ठेवू नका, तरुण वाइनला ते चालतं, म्हाताऱ्या वाइनचा तेवढ्यात दम जातो.

पहिला वास घेतला आणि पोटात गोळा आला. गोठा. अगदी स्पष्ट, ओला गोठा. २०९ युरोचा गोठा! मादाम म्हणाल्या थांब. एक वास बुचाच्या बुरशीचा असतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा, त्याला बूशोने म्हणतात, तो जात नाही, उलट वाढतो. गोठ्याचा वास ब्रेटनोमायसेस नावाच्या यीस्टचा, त्या काळच्या बोर्दोत तो थोडाफार असायचाच, आणि नुसता कोंडलेला वास असेल तर हवेवर निघून जातो. दहा मिनिटं आम्ही पाचजण पेल्यांकडे बघत बसलो.

रंग मधे गडद डाळिंबी आणि कडेला गेरूसारखा, फ्रेंचमध्ये याला त्युईले म्हणतात, त्युईल म्हणजे कौल. आपल्या कोकणातल्या पावसाने भिजलेल्या कौलाचाच रंग तो. दहा मिनिटांनी गोठा मागे सरकला, पूर्ण गेला नाही, पण आता तो लांबून येत होता. आणि पुढे आली तंबाखू. सिगरेटची नाही, माझ्या आजोबांच्या चंचीतली, कात, चुन्याची डबी, सुपारी आणि पान सगळं एकत्र मुरलेलं कापड. मग पेन्सिलीचं टोक. मग सुकं अंजीर, आणि अगदी तळाशी एक जांभूळ, चाळीस वर्षांनीही उरलेलं. नवरा म्हणाला, "दादांच्या ट्रंकेचा वास येतोय", म्हणजे त्याच्या वडिलांच्या, आणि दोघा मित्रांपैकी तिने म्हटलं पहिल्या पावसानंतरचं माळरान. मादाम म्हणाल्या सू-ब्वा, त्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारी वासाची अळंबी. कुणी कुणाचं खोडलं नाही.

तोंडात घेतल्यावर ती हलकी होती, मी एवढी हलकी अपेक्षिली नव्हती. नाशिककर मित्र म्हणाला आमच्याकडची रेड बहुतेक तरुणपणीच पितात, ती अंगावर येते, ही येतच नाही. तुरटपणा होता पण सुपारीचा नाही, कडक चहाच्या शेवटच्या घोटाइतका. आमसुलासारखा आंबटपणा जिवंत होता, त्यानेच तिला उभं धरलेलं. गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मोजतात, एक सेकंद म्हणजे एक कोदाली, मी मनात मोजत गेले आणि अठराला नवऱ्याने काहीतरी विचारलं म्हणून चुकले.

सगळ्यात छान साधारण आठ ते साडेआठ. कोकराबरोबर ती आणखी गोड वाटली. सव्वानऊला मी राखून ठेवलेला घोट घेतला तर वास ओसरलेला, नुसतं आंबटसर पाणी आणि चहा. राखून ठेवायचा मोह धरू नका, एवढंच सांगेन. सगळ्यांना आवडली का? मित्राने प्रामाणिकपणे सांगितलं की वीस युरोची नवी बाटली त्याला जास्त आवडते, आणि मला त्याचं पटलंही थोडंसं.

रविवारी सकाळी भांडी घासायला घेतली तर नवऱ्याचा पेला राहिला होता, तळाशी वाळलेला लाल ठिपका. नाक घातलं तर पुन्हा चंची, काल रात्रीपेक्षाही स्वच्छ. त्याला हाक मारून हुंगायला दिला, मग विसळला आणि चकलीसाठी तेल तापत ठेवलं.